मैनाच्या नावाचं खातं

"इथं सही करा, काकी," म्हणत पोस्टातल्या ऋतुजाने मुदत संपलेलं खातं बंद करायचा फॉर्म काचेखालून सरकवला. गुणाजीने तो मधल्यामध्येच उचलला आणि बायकोपुढे धरला. मैनाने सही कुठे करायची, हे घरातल्या प्रत्येक कागदावर त्याचंच बोट ठरवायचं. आजही ते आधीच जाऊन टेकलं होतं.

धाटावच्या कंपनीत ऑपरेटर असलेला गुणाजी गेल्याच महिन्यात निवृत्त झाला होता. पंधरा वर्षांपूर्वी अकाउंटवाल्याने त्याला समजावलं होतं, बायकोच्या नावाने पीपीएफ उघड, भरशील त्यावर तुझा कर वाचेल आणि म्हातारपणी तिची सोय होईल. गुणाजीने यातलं पहिलं तेवढं मनावर घेतलं. दर मार्चला चाळीस हजार भरायचे, पावती कंपनीत द्यायची आणि पासबुक कपाटात कपड्यांखाली. मैनाला एकदाच सांगितलं होतं, "टॅक्सचं हाय ते, तुला नाय कळायचं."

"मधे कधीच काही काढलं नाही तुम्ही," ऋतुजा पासबुक चाळत म्हणाली. "सातव्या वर्षापासून पैसे काढता येत होते की."

मैनाने सही करून पेन परत केलं.

गुणाजीला मात्र तिथे उभं राहवेना. खात्याच्या आठव्या-नवव्या वर्षी पेणला त्याच्या सासूचे गुडघे गेले. वाट्या बदलायला हव्या होत्या. मेव्हण्याने बाकीचे जमवले, ऐंशी हजार कमी पडत होते. मैनाने जेवताना विचारलं, तेव्हा भात कालवत हा म्हणाला होता, "माझ्याकडं कुठनं येणार?"

पैसे काढता येतात हे त्याला ठाऊक होतं. त्याच्याच शिफ्टमधल्या काळुरामने बायकोच्या खात्यातून लेकीच्या लग्नाला काढले होते. पण खातं तिचं आहे हे मैनाला कळलं की ते आपलं राहणार नाही, ही भीती त्याला होती. भीती कसली, कोतेपणाच तो. त्या वर्षी कराचे आठ हजार वाचले म्हणून त्याने सगळ्या शिफ्टला भजी चारली. सासू चार वर्षं पलंगावर पडून गेली.

बाहेर येऊन दोघं पायरीवर टेकली. गुणाजीने घसा खाकरला.

"मैना, आईच्या वेळेला हे पैसे होते गो."

"व्हय."

"मी मुद्दाम बोललो नाय."

"ठाव हाय मला." तिने पदराने मान पुसली. "कपडे लावताना पासबुक गावलं होतं. बाजाराच्या दिवशी हितं येऊन विचारून गेले. पैसे काढायचा फॉर्म घेतला, भरला, सही पण केली."

गुणाजी तिच्याकडे वळला.

"मग का नाय दिला?"

"घाम तुमचा होता. म्हटलं, तुमच्या तोंडनं येऊ दे, म्हणून त्या दिवशी जेवताना विचारलं. तुम्ही नाय म्हणालात. वाटलं, दोन दिवसांनी आपणहून सांगतील. दोन दिवसांचे दोन महिने झाले. मग आईच म्हणाली, आता नको."

गुणाजीने तिचा हात धरायला हात पुढे केला. मैनाने तो दूर लोटला नाही.

"तुमची वाट बघत बसले मी," ती म्हणाली. "आईकडं बघायला पाहिजे होतं."