शेखीला उदाहरण

आमच्या प्रकाशनगृहात संगणक विभागाचा प्रमुख मालकांचा भाचा आहे. पात्रता विचाराल तर ती याच वाक्यात आली. आम्ही मुद्रितशोधक त्याला सर्वज्ञ म्हणतो. त्याला तो गौरव वाटतो.

त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत शब्दकोशाची पानं छापखान्यात पोचायला हवी होती. चुकलं तर छापखाना दुसरं काम चढवणार आणि कोश सहा महिने मागे पडणार. कोशकार आजोबा त्र्याऐंशीचे. तीस वर्षं खपून ब्याण्णव हजार शब्द जमवलेले. या वयात सहा महिन्यांचा वायदा कोणी करत नाही.

कोश एक्सएमएलमध्ये होता; म्हणजे प्रत्येक शब्द, अर्थ, उदाहरण आपापली चिठ्ठी लावून एकाच अजस्र फाइलीत बसलेलं. सर्वज्ञाचा प्रोग्राम त्यातून छापायची पानं बनवायचा. बनवायचा कसला, रात्रभर घरघरायचा आणि 'प' आला की मान टाकायचा: मेमरी संपली. त्या सकाळी तिसऱ्यांदा टाकली.

आजोबा खिशात भिंग घालून दहालाच हजर. म्हणाले, "मी शब्दाखाली 'पाहा अमुक' लिहिलंय. ते अमुक हा शोधतो कसं?"

"पहिल्या शब्दापासून बघत जातो," सर्वज्ञ म्हणाला. "मशीन आहे आजोबा, दमत नाही."

"दर वेळी 'अ'पासून?"

"दर वेळी."

"मग मी तीस वर्षं अकारविल्हे लावत कशाला बसलो? पोत्यात भरून दिले असते की शब्द!"

मी कागदाच्या कडेला गुणाकार केला. एकतीस हजार 'पाहा', दर खेपेला सरासरी शेहेचाळीस हजार दारं ठोठावायची: एकशे बेचाळीस कोटी ठोठावण्या. कपाळावरचा चष्मा शोधायला कोणी इतकं गाव पालथं घालत नाही. शिवाय तयार झालेली पानंही हा पठ्ठ्या शेवटपर्यंत मेमरीतच कोंबून ठेवायचा. खरकटी भांडी पलंगावर रचावीत तशी.

कोपऱ्यातली प्रोग्रामरताई हळूच म्हणाली, "सर, मी सोमवारीच करून ठेवलंय. शब्द आणि त्याचा पत्ता, एवढीच यादी एकदा बनवायची. थोडी मेमरी ती खाते, पण शोध लगेच लागतो. आणि एक अक्षर संपलं की त्याची पानं डिस्कवर लिहून मेमरी मोकळी करायची."

"ताई, याद्या किराणाच्या करतात," सर्वज्ञ म्हणाला. "मोठ्या कामाला मोठी मेमरी लागते. मी घेऊन येतो. तोवर कोणी कशाला हात लावू नका."

त्याची पाठ वळली. आजोबांनी खुर्ची ओढली आणि ताईशेजारी बसले. "पोरी, माझ्या कोशाला मी हात लावायला सांगतोय. चालव."

'प' आला आणि मुकाट गेला. 'ज्ञ'पर्यंत एकोणीस मिनिटं लागली. आजोबा भिंगातून पडद्याकडे बघत होते. पानांची मांडणी चाळून तपासायला मात्र आम्हा चौघा मुद्रितशोधकांना दुपारचे तीन वाजले.

सर्वज्ञ उगवला तो सव्वातीनला, काखेत मेमरीचं खोकं घेऊन. तयार पानं बघितली, क्षणभर थबकला आणि लगेच मालकांना फोन लावला. "मामा, झालं काम! म्हटलं नव्हतं? मेमरी वाढवली की कसं धावतं बघा!"

खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती.

ताई खाली मान घालून फाइल छापखान्याकडे पाठवायला निघाली. आजोबांनी तिचा हात धरला.

"थांब. पुन्हा चालवायला एकोणीसच मिनिटं ना?"

"हो आजोबा. का? काही चुकलं?"

"चुकलं नाही, राहिलं. 'शेखी' या शब्दाला तीस वर्षं मला मनासारखं उदाहरण मिळालं नव्हतं." त्यांनी भिंग त्या खोक्याकडे वळवलं, नीट निरखलं आणि सावकाश सांगू लागले, "लिही. खोकं न फोडताच त्याने मामापाशी शेखी मिरवली."

चार वाजून सात मिनिटांनी फाइल गेली. ते वाक्य मी स्वतः तपासलं. एकही चूक नाही.