नीलकंठरावांनी सही केलेला बोध

मदन महल भागातल्या साळव्यांकडे दर शुक्रवारी संध्याकाळी कथा-कादंबऱ्यांची तपासणी चाले. नीलकंठराव साळवे संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. तोफगोळे मोजता मोजता निवृत्त झाले आणि साहित्याच्या मागे लागले. चर्चमधले सात-आठ जण जमत, एखादी नवी कथा वाचली जाई, आणि नीलकंठराव तिच्यातून येशू शोधून काढत. सापडायचाच. नायक सुतार असला तर प्रश्नच नव्हता, पण विमा एजंट असला तरी सुटत नसे. बिचाऱ्या लेखकाला पत्ताही नसायचा.

मग एका छापील कागदावर कथेचा बोध लिहिला जाई आणि खाली नीलकंठरावांची सही होई. तो बोध सगळ्यांनी पुढच्या शुक्रवारच्या आत आचरणात आणायचा, असा नियम. सगळे माना डोलवत आणि पोह्यांकडे वळत.

पोहे सुनेत्राबाई करत. त्यांना कुणी मत विचारत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांची लेक प्रणोती चर्चबाहेरच्या अश्वजीतशी कोर्टात लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, महाराजपूरला राहायला गेली, त्या दिवशी नीलकंठरावांनी तिला घराचं दार बंद केलं. "चर्चमध्ये काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणाले. आता प्रणोतीला पाच महिन्यांची मुलगी होती आणि सुनेत्राबाई नातीला मोबाइलवर चोरून पाहत होत्या. आणि त्याच माणसाच्या तोंडून दर शुक्रवारी क्षमेवर प्रवचन ऐकायचं! त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

या शुक्रवारी त्या पदराला हात पुसत बैठकीत आल्या आणि वही उघडून बसल्या.

"आज मी वाचते."

"तू? कोणाची कथा?" नीलकंठरावांनी विचारलं.

"आहे एकीची. नवीनच लिहून राहिली ती."

कथेत एक बँक मॅनेजर होता. लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून दार लावून बसलेला, आणि बाहेर दुनियेला प्रेम शिकवत हिंडणारा. दुसऱ्याच पानावर बोध लिहायला बसलेले रामराव खोकले. शेजारच्या मनीषाताईंनी मान खाली घातली. सगळ्यांना कळलं, फक्त नीलकंठरावांना कळलं नाही.

"ढोंगी माणूस!" ते गरजले. "परतलेल्या लेकाला धावत जाऊन मिठी मारणाऱ्या बापाचा, उधळ्या पुत्राचा दृष्टांत तोंडपाठ, अन् स्वतःच्या लेकीला दार बंद! काहून जातो मग हा चर्चमध्ये? रामराव, लिहा. बापानं वाट पाहू नये. स्वतः उठून लेकीच्या दारी जावं, आजच्या आज." आणि खाली झोकात सही ठोकली.

सुनेत्राबाईंनी वही मिटली. "चला मग. ऑटो बोलावला आहे मी, महाराजपूरचा."

बायबलात नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला असंच गोष्ट सांगून पकडलं होतं, आणि त्यावर नीलकंठरावांनी पूर्वी तीन शुक्रवार खर्च केले होते. दाविदानं आपलं पाप तिथल्या तिथे कबूल केलं. नीलकंठराव म्हणाले, "कथा जरा कच्चीच आहे."

"सही तर पक्की आहे ना जी?"

सगळे बघत होते. सही करून मागे फिरणं या माणसाला मरणाहून जड. पश्चात्तापानं नव्हे, निव्वळ लाजेनं त्यांनी चपला घातल्या. सुनेत्राबाईंना तेवढं पुरे होतं. माणूस देवाच्या वाटेला कशानं का लागेना!

ऑटोत ते प्रवचन जुळवत बसले. "तिला म्हणतो, चलो, झालं गेलं माफ केलं मी. मोठं मन ठेवावं लागते." आधारतालची वस्ती मागे पडली तसा त्यांचा आवाज उतरला.

"सुनेत्रा, बाप तिच्याकडे गेल्यावर लेक दार उघडते ना त्या कथेत?"

"माहीत नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "तेवढं लिहून नाही झालं माझं."

नीलकंठरावांनी समोरची दांडी घट्ट धरली. माफ करायचं की नाही हे प्रणोतीच्या हातात असेल, हे त्यांच्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं. ऑटो महाराजपूरच्या कॉलनीत वळला आणि त्यांना भीती वाटू लागली.