पपईच्या रंगाचं दार

*हॉल. भरपूर उजेड, शांत रंगसंगती, लगेच राहायला तयार.*

अशी वर्णनं देविका रोज लिहायची. विकायला काढलेली घरं सजवून देणं हे तिचं काम. मालकाचे फोटो, फ्रिजवरची मॅग्नेट्स, नातवंडांची चित्रं खोक्यात भरायची, भिंतींना फिकट रंग द्यायचा, टेबलावर लिंबांचा बाऊल ठेवायचा. इथे कुणी राहतंय असं बघायला आलेल्या माणसाला वाटता कामा नये. वाटलं, की गिऱ्हाईक गेलंच. लंडनजवळचे, हॅरोपासून वॉटफर्डपर्यंतचे घरांचे एजंट तिचं नाव आदराने घ्यायचे.

वॉटफर्ड स्टेशनजवळच्या तिच्या स्वतःच्या फ्लॅटलाही हेच वर्णन चपखल बसायचं. भिंती पांढऱ्या, दारं पांढरी, ओटा पांढरा, कप पांढरे. चार वर्षं ती तिथे राहत होती, आणि उद्या सकाळी गिऱ्हाईक आलं असतं तरी तिला काही उचलावं लागलं नसतं.

गिऱ्हाईक आलं नाही. बाबा आले.

*दुसरी बेडरूम. पाहुण्यांसाठी किंवा घरून काम करायला उत्तम.*

तिचे बाबा जगदीश कौन्सिलच्या लायब्ररीतून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून लंडनच्या दुसऱ्या टोकाला, इल्फर्डच्या घरात एकटे. अलीकडे त्यांना नजरेच्या मधोमध धूसर दिसायचं. कडेचं कळायचं, समोरचं विरघळायचं. हॉस्पिटलमध्ये काय सांगितलं त्यातलं निम्मंच त्यांनी लेकीला सांगितलं होतं, तेही हवापाण्याच्या गप्पांत. पण फोन वाजत राहिला आणि त्यांनी उचलला नाही, की देविकाचा जीव टांगणीला लागायचा. कायमचे माझ्याकडे या म्हणून ती वर्षभर मागे लागली, तेव्हा कुठे ते पंधरा दिवसांना तयार झाले.

राहून बघतो, म्हणाले. जमलं तर जमलं.

जमावं म्हणून तिने त्यांच्या खोलीत नवं अंथरूण घातलं. अर्थात पांढरं.

*किचन. स्वच्छ, सुटसुटीत, आजच्या पद्धतीचं.*

पहिल्याच दुपारी त्यांनी बाऊलमधलं लिंबू वरणभातावर पिळायला घेतलं. सुरी चालेना. जोर लावला तशी सुरी सटकली आणि लिंबू टणकन ओट्यावर उडालं. देविका ऑफिसमधून आल्यावर त्यांनी गंभीरपणे सांगितलं, की इंग्लंडातल्या लिंबांचं काही खरं नाही. ते प्लास्टिकचं आहे म्हटल्यावर खो खो हसले. मग विचारलं, खोटी लिंबं ठेवणाऱ्या घरात खरं काय काय आहे ते आधीच सांगून ठेव.

चौथ्या दिवशी त्यांच्या कपाळावर टेंगूळ होतं. डास चावला, म्हणाले. फेब्रुवारीत, वॉटफर्डमध्ये. चहा ते कपाऐवजी स्टीलच्या पातेल्यातून प्यायला लागले होते. चव येते, म्हणाले. देविकाने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांच्या सवयी.

*भरपूर कपाटं. सगळं सामान नजरेआड.*

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. बाबा आपला मरून रंगाचा मफलर बाथरूमच्या दाराच्या मुठीला बांधून ठेवायचे. ती संध्याकाळी यायची, बूट काढायची आणि पहिल्यांदा मफलर सोडून, घडी करून कपाटात ठेवायची. हात आपोआप चालायचे. दिवसभर तेच करत असायचे. किचनच्या दाराशी लावलेली त्यांची निळी छत्रीही ती उचलायची. दुसऱ्या दिवशी मफलर पुन्हा मुठीला, छत्री पुन्हा दाराशी. ती पुन्हा उचलायची. बाबा काही बोलायचे नाहीत, तीही नाही. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होते.

*बाथरूम. आधुनिक, प्रशस्त, आणि*

आणि एका संध्याकाळी मफलर कपाटात गेल्यावर बाबा सोफ्यावरून उठले. भिंतीला हात लावत पॅसेजमध्ये गेले. तिथे चार दारं, चारही पांढरी, पांढऱ्या भिंतीत. त्यांनी एक उघडलं आणि आत पाऊल टाकलं. आत टॉवेल होते आणि गरम पाण्याची टाकी.

देविका मागून बघत होती.

"बाबा, काय शोधताय?"

"काही नाही. कपाट बघत होतो. ऐसपैस आहे."

टेंगूळ, पातेलं, छत्री, सगळं एकदम तिच्यासमोर उभं राहिलं.

"तो मफलर तुम्ही खुणेला बांधत होता?"

"हो."

"मग मला सांगायचं ना. मी रोज काढत होते."

"तुझं घर आहे, बाळा. तुझ्या घराची पद्धत असेल ती."

तिने मफलर काढून आणला, मुठीला घट्ट गाठ मारली आणि दाराशीच खाली बसून रडली. बाबा आधी बाथरूमला जाऊन आले, मग तिच्याशेजारी बसले.

*रंगसंगती.*

शनिवारी तिने रंगांचे सॅम्पलचे डबे आणले. बाबांना पॅसेजच्या टोकाला खुर्चीवर बसवलं आणि दारांवर पट्टे ओढायला लागली. दिसतं, नाही दिसत, दिसतं, असं बाबा तिथून ओरडत होते. बाथरूमला गडद निळा ठरला. ओट्याच्या कडेला काळी पट्टी, कप लाल. हे सोपं होतं.

किचनच्या दाराशी ती अडली. निळा सोडून बाबांना तीन रंग दिसत होते. कुठला घ्यायचा?

"तुला कुठला आवडतो?" बाबांनी विचारलं.

"बायर्सना साधारण हिरवा..."

"बायर कुठंय?"

तिने खरंच मागे वळून बघितलं. पॅसेजमध्ये बाबांखेरीज कुणी नव्हतं. तिने आजवर शेकडो दारांचे रंग ठरवले होते, ते सगळे कधीही न भेटलेल्या माणसांसाठी. तिने ब्रश खाली ठेवला. मग तिने तिन्ही डबे बाजूला सारले, खालच्या दुकानात जाऊन पिकलेल्या पपईच्या रंगाचा मोठा डबा घेऊन आली आणि सबंध दार रंगवून काढलं. सॅम्पलसुद्धा लावून बघितलं नाही.

"हे मला डोळे दुखतील इतकं दिसतंय," बाबा म्हणाले. "फार भडक आहे. आपल्या इल्फर्डच्या दारासारखा मरून रंग घ्यायचा."

"मला आवडलं."

त्यांनी मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून लेकीकडे पाहिलं. तिच्या नाकालाही पपई लागली होती.

संध्याकाळी म्हणाले, उद्या इल्फर्डला जाऊ. देविकाला वाटलं, संपलं. पंधरा दिवस अजून भरलेही नव्हते. रात्री तिने त्यांचे कपडे इस्त्री करून बॅगेवर ठेवले, आणि गाडीत सबंध रस्ता रेडिओ लावून ठेवला.

इल्फर्डच्या हॉलमध्ये पोचल्यावर ते थेट आपल्या आरामखुर्चीपाशी गेले आणि खुर्चीच्या पाठीवर थाप मारली.

"ही मागच्या सीटवर मावेल का बघ."

तिला समजायला एक क्षण लागला. मग ती खुर्ची उचलायला वाकली, आणि वाकलेलीच थांबली. खुर्चीवर सोनेरी झालरीचं, चकचकीत मखमली कव्हर होतं.

"खुर्ची येईल. कव्हर नाही येणार."

"कव्हर खुर्चीचंच आहे."

"बाबा, मला नाही आवडत. माझ्या घरात नको."

त्यांनी कव्हर काढलं. विरोध न करता काढलं, चक्क हसत हसत. मग दोन उश्या पुढे केल्या. त्यांवर मोर होते, आणि मोरांना टिकल्या.

देविकाने दोन्ही उलटसुलट करून बघितल्या.

"एक. आणि तीसुद्धा तुमच्या खोलीत."

"हॉलमध्ये."

"खोलीत, बाबा."

ते बरं म्हणाले, आणि तिची पाठ वळताच दुसरी उशी बॅगेत कोंबायला लागले.