जिव्याचा वीर

पोशेऱ्याच्या शिवेवरच भगतानं जिव्याला अडवलं आणि शेंदूर फासलेला दगड दाखवला. "ह्यो तू."

जिव्या दोन वर्षांनी लढाईवरून परतला होता. तिकडे तो जनरलसाहेबाची खेचरं हाकायचा. साहेब गोळ्या लागून पडला, जिव्या जखमी होऊन शत्रूच्या कैदेत गेला. सरकारी कागद मात्र आला, की साहेब आणि त्याची सगळी माणसं शौर्यानं मेली. साहेबाला मेल्यावर पदक मिळालं, ते लावायला छाती कुठं उरली होती! गावानं मग जिव्याचा वीर बसवला, म्हणजे मेलेल्याच्या नावाचा पुजायचा दगड.

"अरे, मी जित्ता हाय!"

"दिसतंय मला. पण बसवलेला वीर उठवला तर गावाचं वाटोळं होईल. आत यायचं नाय."

मागं जायला घर नव्हतं, पुढं गाव नव्हतं. जिव्या स्वतःच्याच दगडाला टेकून बसला.

सांजेला त्याची बायको कोंडी नैवेद्य घेऊन आली. तिचे हात भुंडे होते, बांगड्या कधीच फुटल्या होत्या. तिनं वीरापुढं नाचणीची भाकर ठेवली, बाजूला आणखी एक ठेवली.

"ही कुत्र्यानं उचलली," ती दगडाला म्हणाली, "तरी मी इचारनार नाय."

ती वळून न बघता गेली. जिव्यानं भाकर उचलली.