पाय धुणारी कढई

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची कढई आहे. स्पेनमधल्या विय्याफ्रांका गावात, संत याकोबाच्या दर्शनाला सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या पायवाटेला लागून माझं घर आहे. आमच्या अंगणातून चर्चचं क्षमेचं दार समोर दिसतं.

तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला आणि माझी मालकीण एर्मिनिया, तिच्या आजीच्या लग्नात मी या घरी आले. शरदात माझ्यात मुरंबा शिजे, तेव्हा अख्खी आळी चमचे घेऊन दाराशी येई. लोक वाखाणत आणि मी फुगून जाई. पुढे कल्हईवाला गावात फिरकेनासा झाला. माझी कल्हई उडाली, मुरंबा कळकला आणि माझी रवानगी खुराड्यात झाली. कोंबड्या माझ्यातलं पाणी पीत, आणि पाण्यात करू नये तेही करत.

मग एर्मिनियाने घराची धर्मशाळा केली. तिने मला लिंबू-मिठाने घासलं. मला वाटलं, आले जुने दिवस! तर बाईने माझ्यात कोमट पाणी, मीठ आणि व्हिनेगर ओतलं आणि एका यात्रेकरूचे मळके पाय बुडवले. मुरंब्याची कढई, आणि पाय! मी चांगलीच रुसले.

पण तो रुसवा टिकला नाही. तुम्ही पाय कधी जवळून पाहिलेत का? नखं काळी, टाचांना भेगा, बोटं सुजलेली. तरी सकाळी तेच पाय उठतात आणि डोंगराकडे चालू लागतात. एवढीशी हाडं, केवढा भार पेलतात! मला याचं रोज संध्याकाळी नवल वाटायचं, आजही वाटतं.

एकदा जुलैत लेआंद्रा आली. सामोरा गावची ही बेकरीवाली साठी ओलांडलेली, लेकीच्या खांद्यावर रेललेली. तिचा नातू तापाने मरणाच्या दारात होता, तेव्हा तिने नवस बोलला होता की पोर वाचलं तर संत याकोबाच्या सणाला चालत दर्शनाला येईन. पोर वाचलं. आता सण आठवड्यावर आला होता, म्हणून ती रोज दोन-दोन मुक्काम एका दमात उरकत होती. तिने पाय बुडवले आणि माझं पाणी लाल झालं.

"अगं बाई! हे पाय आहेत की वांग्याचं भरीत?" एर्मिनिया म्हणाली. "उद्या निघायचं नाव काढू नका."

"थांबले तर सण हुकतो."

"आई, बसने जाऊ या ना गं," लेक निएवेस रडकुंडीला आली होती.

"नवस चालत यायचा बोललेय मी. बसने गेले आणि पोराला पुन्हा काही झालं तर?"

तिची थरथर माझ्या पाण्यात उतरली. बाई नातवासाठी फार घाबरली होती.

एर्मिनियाने फडका पिळला. "ते समोरचं दार बघा. ज्यांचे पाय इथवर येऊन थकले, त्यांना तिथेच सांतियागोची क्षमा मिळते. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. सण रविवारी येतो त्याच वर्षी ते उघडतात. यंदा सण रविवारी आलाय, म्हणजे दार उघडंच आहे."

"म्हणजे नवस अर्ध्यावर सोडू?"

"सगळ्यांनी धडधाकटच यावं असं देवाच्या मनात असतं, तर हे दार ठेवलं असतं का? तुम्ही बेकरीवाल्या ना? घाई केली म्हणून पीठ फुगतं का?"

"नाही फुगत," लेआंद्रा पुटपुटली. "तुमची जीभ मात्र भट्टीतून आत्ताच काढल्यासारखी आहे."

सकाळी ती पायांना पट्ट्या बांधून क्षमेच्या दाराशी गेली. एवढी ताठ बाई, पण उंबऱ्यावर ओणवी झाली आणि किती तरी वेळ दगड कुरवाळत राहिली. शेकडो वर्षं दमलेले पाय त्याच दगडापर्यंत आले असतील. मी अंगणात पालथी पडले होते, पण माझ्या अंगावर काटा आला.

"आता घरी ना?" निएवेसने विचारलं.

"घरी तू जा. मला क्षमा मिळाली, आता घाई कसली? पाय बरे झाले की निघते. रोज एक गाव."

"आणि सण?"

"संत काय सणाच्या दुसऱ्या दिवशी गाव सोडून जातो होय?"

सणाच्या दिवशी घंटा वाजत होत्या आणि लेआंद्रा माझ्यात पाय सोडून बसली होती. नातवाचा फोन आला. "आजी, पोहोचलीस?"

"नाही रे राजा, पाय धुतेय. तू कसा आहेस?"

"मी झाडावर आहे!"

"उतर मेल्या आधी!" ती ओरडली आणि रडेपर्यंत हसली. माझ्यातलं पाणी मात्र त्या दिवशी हललं नाही.

द्राक्षं तोडणीला आली तेव्हा ती सांतियागोहून परतली. वाटेत कुणाकडे पीठ मळलं, कुणाकडे भाजी निवडली, असं सांगत होती. तिने पाय बुडवले. टाचा घट्ट झाल्या होत्या, एकही जखम नव्हती. उठल्यावर तिने पाणी ओतलं, आणि जे कुणी कधीच केलं नव्हतं ते केलं. आपल्या पदराने, म्हणजे एप्रनच्या टोकाने, मला आतून बाहेरून पुसलं. मुरंब्याच्या दिवसांतही माझे इतके लाड झाले नव्हते.

तेव्हा मित्रांनो, घाई असेल तर खुशाल पुढे जा, मी रागावणार नाही. पण थांबलात तर पाणी गार होईपर्यंत बसा. आणि उठताना मला ओली टाकू नका, लेआंद्रासारखी कोरडी पुसून जा.