मास्तरांची बटणं

दवाखान्यातून आलेल्या नर्सने गुडघ्यावर फॉर्म ठेवला. मेंदूच्या झटक्याला सात महिने झाले होते. घरी पेशंटचं कसं चाललंय, ते तिला लिहून न्यायचं होतं.

"काका, अंघोळ स्वतः करता?"

"करतो."

"जेवण?"

"डाव्या हाताने. सांडत नाही."

कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोचा हात क्षणभर थांबला. सकाळीच तिने त्यांच्या अंगावर सांडलेला चहा पुसला होता.

"शर्टाची बटणं?"

"शिंप्याला विचारता हे?"

नर्स हसली. मास्तरांनी चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढली होती, सगळी गल्ली त्यांना टेलर मास्तर म्हणूनच ओळखायची. तिने त्यांच्या छातीवरची पाच बटणं पाहिली आणि खूण केली.

"चार लोकांत लाज वाटते?"

"कसली लाज?"

त्या बटणांना काजंच उरली नव्हती. मास्तरांनी खुर्चीतून हुकूम सोडून ती बटणं बायकोकडून वरच्या कडेवर शिवून घेतली होती. आतून व्हेल्क्रोची चिकटपट्टी, वरून बटणं नुसती शोभेला. "कधी सुईला हात लावू दिला नाहीत," ती म्हणाली होती, "आणि आता फसवाफसवीचं काम माझ्या गळ्यात." दोन बटणं केसभर वाकडी बसली होती. ते फक्त मास्तरांना दिसायचं आणि ते रोज बोलून दाखवायचे. पट्टी रोज बायकोच लावायची.

"छानच की," नर्स कागद आवरत म्हणाली. "मग व्यायामाच्या बाईंना इथे यायची गरज नाही. दुसरे पेशंट खोळंबलेत."

त्या बाईंनीच मास्तरांना पलंगावरून खुर्चीपर्यंत आणलं होतं. त्या आल्या नाहीत, तर सगळा भार बायकोच्या कमरेवर येणार, आणि ती कमर गेल्याच महिन्यात आठ दिवस धरली होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती. परक्यासमोर तिने त्यांना कधी खोटं पाडलं नव्हतं. आजही पाडणार नव्हती.

नर्स दारात चपला घालू लागली.

"ताई." शब्द तोंडातच घोळला. "थांबा जरा."

त्यांनी डाव्या हाताने शर्टाची कड धरून ओढली. चर्र. खोलीत तो आवाज भलताच मोठा वाटला. पाचही बटणं एकाच बाजूला लोंबत राहिली. आत बनियनवर चहाचा डाग होता.

नर्स परत येऊन बसली. तिने कोरा फॉर्म काढला. "पहिल्यापासून विचारू?"

"विचारा."

"अंघोळ?"

मास्तरांनी फरशीकडे पाहिलं. "ही घालते."

"जेवण?"

"सांडतं."

"बटणं?"

"ती मी लावलीत," बायको मध्येच म्हणाली. "दोन वाकडी आहेत. तेही लिहा, रोज ऐकतेय."

नर्सने शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा मास्तर एका हाताने शर्ट मिटू पाहत होते. पट्टीवर पट्टी बसत नव्हती. बायको उठली, तसं त्यांनी तिला मानेनेच थांबवलं.

"हो," ते म्हणाले. "वाटते."