धूर म्हणजे शून्य

आमच्या गावच्या नेमबाजीला पंच नाही. हवेत सोडलेली मातीची तबकडी फुटली तर फुटली. नाहीतर ज्याची त्यानेच मोठ्याने "शून्य" म्हणायचं. नुसता धूर उडाला, तुकडा पडला नाही, तरी शून्यच. बक्षीस कसलं, तर डुकराची खारवलेली मांडी. पण तिच्यासाठी खोटं बोलणारा आमच्या डोंगरात अजून जन्मायचाय, असं आम्ही छाती फुगवून सांगत असू.

फुल्विया याच मैदानावर बापाच्या, तार्चीझियोच्या, हाताखाली तयार झाली. यंदा ती रोमला निवड-चाचणीला गेली. पगारी पथकात जागा एकच होती. ती मिळाली की बंदुकांच्या कारखान्यातलं घासकाम सुटणार आणि दिवसभर नेमबाजीच करायची.

शेवटी फुल्विया आणि मार्झिया नावाची मुलगी बरोबरीत आल्या. मार्झियाच्या तबकड्या संपल्या होत्या, फुल्वियाची एक उरली होती. ती फुटली तर जागा फुल्वियाची, नाहीतर दोघींची पुन्हा झुंज. तिथे नेम चुकला की पंच भोंगा वाजवतो, लागला की गप्प राहतो.

फुल्वियाने बार काढला. चिमूटभर धूर उडाला आणि तबकडी अख्खीच्या अख्खी गवतात जाऊन पडली. पंचाच्या डोळ्यांवर ऊन होतं. भोंगा वाजला नाही.

"शून्य" तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. मार्झिया तिच्याकडेच बघत होती. फुल्वियाने बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. मागे कठड्याशी तार्चीझियो उभा होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. टाळी काही वाजवली नाही. परतीच्या वाटेवर "पाणी हवं का?" यापलीकडे तो एक शब्द बोलला नाही.

गावात सान रोक्को संताच्या जत्रेत मैदानावर तिच्या नावाचा फलक लागला. झीता आत्याने मक्याच्या पिठाचा पोलेंता वाढता वाढता टोमणा मारला, "आता आम्हाला ओळख तरी दाखवशील ना गं, बाईसाहेब?" फुल्विया लालेलाल झाली. लोकांना वाटलं, किती गुणाची पोर! तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"पगारी बाई, दाखवा जरा हात!" म्हातारा झेनो ओरडला. नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या तबकड्या फुटल्या. मग एकीचा नुसता धूर उडाला. फुल्विया तशीच उभी राहिली. कान भोंग्याकडे लागलेले, आणि इथे कुठला आलाय भोंगा! सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"अगं, बोल की!" झेनो म्हणाला.

"थांबा रे," तार्चीझियो म्हणाला. "ती आता पगारी झालीय. तिचं शून्य दुसऱ्याने सांगायचं असतं."

लोक खो-खो हसले. फुल्वियाची मान खाली गेली.

"शून्य," ती म्हणाली.

रोमहून आल्यापासून बापाने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "कुठली तबकडी?"

हसणं थांबलं. झीता आत्याच्या हातातली पळी हातातच राहिली.

"दोन्ही, बाबा. ही आणि रोमची. उद्या त्यांना कळवते. आत्या, तो फलक तेवढा उतरव गं."

आत्या जागची हलली नाही. शिडी तार्चीझियोनेच आणली, आणि फुल्विया वर चढली तेव्हा खालून धरून ठेवली.